‘मी आलो’ म्हणणारी मुलगी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी चुका काढायला नको. मी बाई आहे आणि मी ‘आलो’, ‘गेलो’, ‘जेवतो’ असंच बोलतो. आमच्या कोल्हापूरकडे आई असंच बोलते, मावशी असंच बोलते. शाळेतल्या बाई फळ्यावर ‘मी आले’ असं लिहून द्यायच्या आणि तास संपला की ‘चला, मी निघतो’ म्हणून खडू खाली ठेवायच्या. यात अशुद्ध काही नाही. ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या आईसमोर येऊन तसं म्हणून दाखवावं. पण या एका क्रियापदाने चेन्नईत माझी जी फजिती केली, ती मात्र सांगितली पाहिजे.

त्या रविवारी सकाळी मी एग्मोरमधल्या एका ब्राउझिंग सेंटरचं शटर कधी वर जातंय याची वाट बघत फुटपाथवर उभी होतो. आदल्या दिवशी माझं लष्करी प्रशिक्षण संपलं होतं. सहा महिने पळणं, रांगणं, दोरावर चढणं आणि चूक झाली की पाठीवर पिशवी बांधून भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारणं, हे सगळं आटोपून खांद्यावर दोन तारे घेऊन मी बाहेर पडलो होतो. संचलन बघायला आईबाबा गावाहून आले होते. टोपीखाली सगळ्या पोरी सारख्याच दिसतात, त्यामुळे बाबांनी अख्खं संचलनभर भलत्याच मुलीकडे बघून टाळ्या वाजवल्या. आता ते दोघं लॉजवर पाय चेपत पडले होते, परतीची गाडी सोमवारी होती, आणि मला कुणीही ‘पळ’ म्हणत नव्हतं. तरी मी लॉजपासून पळतच आलो होतो. का, तर सहा महिने मी इंटरनेट बघितलं नव्हतं. मध्ये दोन-तीनदा रविवारी बाहेर सोडलं होतं, पण गटाने जायचं आणि गटाने यायचं, आणि माझ्या गटाला इंटरनेटपेक्षा आइस्क्रीम हवं होतं. मी निषेध नोंदवला आणि आइस्क्रीम खाल्लं.

इंटरनेटवर मराठी माणसांचा एक कट्टा होता. इंग्रजी अक्षरांत मराठी टंकायची आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर भांडायचं, एवढंच तिथलं काम. कुणीही खरं नाव लावत नसे. मी तिथे ‘पत्रकबाज’ होतो, कारण कॉलेजात मी पत्रकं काढायचो. मुलींच्या वसतिगृहाला संध्याकाळी सातलाच कुलूप का, यावर एक. वाचनालयात मुलांचं टेबल खिडकीशी आणि मुलींचं जिन्याखाली का, यावर एक. अर्धा कागद, वर प्रश्न, मधे कारणं, खाली जाड अक्षरात मागणी. एकदा असंच वाटत असताना एका पोराने विचारलं की पत्रकं वाटून काय होतं, सैन्यात मुलींना घेतात म्हणे, जा की तिकडं. तो चेष्टा करत होता. मी अर्ज भरला.

कट्ट्यावर माझे तीन खरे मित्र झाले आणि तिघेही योगायोगाने चेन्नईत होते. एक पुण्याचा, शहराबाहेर मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. तो माझा रोजचा भांडखोर. दुसरा त्याचा खोलीसोबती, संगणकवाला, जो वाक्याऐवजी नुसतं हसू टंकायचा. हे दोघं तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये राहायचे. मॅन्शन म्हणजे हवेली नव्हे. एका जिन्याभोवती खोल्याच खोल्या आणि प्रत्येकीत दोन-तीन ब्रह्मचारी, त्याला तिकडे मॅन्शन म्हणतात. तिसरे तंजावरकर काका, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात, घरची मराठी जुनी आणि वर तमिळचा हेल. ते ‘सगळे’ला ‘अस्की’ म्हणायचे. कट्ट्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी ‘अस्की बरे आहेत का’ असं विचारलं आणि इंजिनिअरने त्यांना शुद्ध मराठी शिकवायला घेतली. मी लगेच अख्खं पत्रक ठोकलं. काकांची मराठी तुमच्या पुण्याच्या मराठीपेक्षा जुनी आहे, मग शुद्ध ठरवायचा ठेका तुम्हाला दिला कुणी? त्याने चाळीस ओळींचं उत्तर दिलं. मी साठ ओळींचं. आमची मैत्री अशी झाली.

आता गोची सांगतो. हे सगळे मला मुलगा समजत होते.

मला ते कळायला वर्ष लागलं. इंजिनिअर मला ‘भावा’ म्हणायचा, पण आमच्याकडे पोरी पोरींना भावा म्हणतात, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. एक दिवस त्याने लिहिलं की त्याच्या चुलतबहिणीचं स्थळ आहे, मुलगी शिकलेली आहे, तुझी पत्रिका पाठव. मी खुर्चीतून पडता पडता राहिलो. मागचं सगळं काढून वाचलं. वर्षभर प्रत्येक ओळीत मी आलो, मी गेलो, मी म्हणालो. एक अक्षर खोटं नव्हतं आणि चित्र मात्र साफ उलटं उभं राहिलं होतं.

मी लगेच खुलासा टंकला. पाठवणार, एवढ्यात कट्ट्यावर दुसऱ्या एका बाईंनी रस्त्यांवर काहीतरी लिहिलेलं दिसलं. चांगलं लिहिलं होतं, माझ्यापेक्षा चांगलं. खाली उत्तरं दोन. ‘छान लिहिता ताई.’ आणि ‘ताई, मागे दिलेल्या वड्यांची कृती परत द्याल का?’ त्याच विषयावर माझ्या चार ओळींना इंजिनिअरने दात-ओठ खाऊन पानभर खोडून काढलं होतं. मी खुलासा पुसून टाकला. पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. रस्त्यावर उभं राहून सत्याची पत्रकं वाटणारी मी, हे केलं. लाज वाटते, पण केलं. मला ताई व्हायचं नव्हतं. मला कुणीतरी खोडून काढायला हवं होतं.

तेव्हा त्या सकाळी शटर वर जाताना मला एकच भीती होती. आज मी यांना भेटणार, आज त्यांना कळणार, आणि उद्यापासून मला ‘छान लिहिता ताई’ ऐकावं लागणार. नाही भेटलो तर सोमवारी गाडी, मग नेमणूक, मग कुठला तरी डोंगर. आणि न भेटणं म्हणजे पळ काढणं. सहा महिने मला बाकी सगळीकडे पळायला शिकवलं होतं, उलटं नाही.

टपालपेटी भरून वाहत होती. शेवटचे कित्येक निरोप जागा नाही म्हणून परत गेले होते. लष्करी प्रशिक्षणाला चेन्नईला येतोय, एवढंच कळवून मी गायब झालो होतो, त्यामुळे कट्ट्यावर माझ्या नावाचा धागाच काढला होता, ‘पत्रकबाज जिवंत आहे का’. इंजिनिअर सहा महिने तिथे एकटाच लिहीत होता. आज पाण्याच्या टँकरवर भांडण झालं, तू हवा होतास. आज निवडणुकीवर सगळे एकमताचे झाले, किती कंटाळवाणं, तू कधी येतोस. ते वाचताना मी एवढा हसलो की सेंटरवाल्याने माझ्यासाठी पंखा सुरू केला. त्याला वाटलं उन्हाने काही झालं.

मी लिहिलं, ‘मी आलो.’

मिनिटभरात उत्तर. तो तिकडे मॅन्शनखालच्या सेंटरमध्येच बसला होता. लेका, आहेस कुठे? मी एग्मोर म्हटल्यावर त्याने काय काय टंकलं त्यातलं निम्मं वाचताच येत नव्हतं, अक्षरं एकमेकांवर पडली होती. चार वाजता मॅन्शनवर ये. काकांना बोलावतो. रात्री इथेच राहा, वॉर्डनला सांगून तुझ्यासाठी गादी आणून ठेवलीय, महिनाभर झाला. मी त्या गादीकडे, म्हणजे त्या शब्दाकडे, बघत बसलो. मग लिहिलं, ‘येतो.’ याहून खरं मला काही लिहिता आलं असतं. नाही लिहिलं.

दुपारी बसने तिरुवल्लिकेणीला गेलो. शर्ट, पँट, कापलेले केस, उन्हाने काळी झालेली मान. मॅन्शनच्या दारात पांढऱ्या मिशांचा वॉचमन स्टुलावर बसला होता. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याने काठी आडवी केली.

“अम्मा, लेडीज मेले पोगक्कूडादु.”

लेडीजनी वर जायचं नाही. माझं डोकंच फिरलं. कालपर्यंत मी दोर धरून भिंती चढत होतो, सरकारने मला तारे दिलेत, आणि या बाबाच्या पंधरा पायऱ्या चढायला मला बंदी? मी त्याला मोडक्या तमिळमध्ये विचारलं की हा नियम कुणी केला, कधी केला आणि तो कुठे लिहिलाय. त्याने शांतपणे माझ्या डोक्यावर बोट दाखवलं. तिथे पाटी होती. पाटीवर तमिळ आणि इंग्रजीत तेच लिहिलं होतं, शिवाय खाली जाड अक्षरात. मांडणी उत्तम होती, हे मला कबूल करावं लागलं.

आवाज ऐकून वरून दोघं धडधडत खाली आले. इंजिनिअर पुढे, हातात रंगीत कागदात गुंडाळलेला खोका, मागे संगणकवाला. दोघांनीही माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघितलं. उजवीकडे, डावीकडे. मग इंजिनिअरचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्याने एकदम शर्टाचं वरचं बटण लावलं.

“तुम्ही त्याची बहीण का? तो पार्किंग शोधतोय का?”

खोटं बोलायची एवढी सोपी संधी मला आयुष्यात परत मिळाली नाही. हो, बहीणच, भावाला कामावरून बोलावणं आलं, आणि भाऊ जन्मभर कट्ट्यावर जिवंत.

“मी आलो,” मी म्हणालो.

“हो, पण तो...”

“मीच तो. म्हणजे ती. पत्रकबाज. मी आलो.”

संगणकवाला पायरीवर बसला आणि जे हसू दोन वर्षं टंकत होता ते त्याला प्रत्यक्षात फुटलं. थांबेना. वॉचमनही काही न कळता हसायला लागला. इंजिनिअर मात्र हसला नाही. खोका पाठीमागे लपवायला लागला, तर संगणकवाल्याने तो ओढून माझ्या हातात दिला. मी उघडला. आत दाढीचं सामान होतं. ब्रश, साबण, वस्तरा आणि बाटलीभर सुगंधी पाणी. लष्करात रोज दाढी लागते म्हणून त्यांनी विचार करून घेतलं होतं. मी हसून हसून भिंतीला टेकलो. त्या रात्री ते बाबांना दिलं आणि ते अजूनही तोच ब्रश वापरतात.

एवढ्यात बसमधून उतरून तंजावरकर काका आले. हातात डबा, कपाळाला गंध. त्यांनी विचारलं, “पत्रकबाज कोण?”

मी हात वर केला. मला वाटलं आता यांचाही धक्का बघावा लागणार. काकांनी मला खालून वर बघितलं. “बारीक झालीस वाटतं. जेवलीस काय? डांगर पचडी आणली आहे.”

इंजिनिअरने विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? काकांना प्रश्नच कळेना. बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आलं. म्हणाले, “अय्यो, घरात आम्ही तमिळच अधिक बोलतो रे. वंदेन म्हटलं तर आलो पण तेच, आले पण तेच. कोण आलं ते दार उघडून बघायचं. आज बघितलं.”

मला काकांना उचलून घ्यावंसं वाटलं. ते वयाने मोठे होते म्हणून नुसता वाकून नमस्कार केला.

वर जायची सोय नव्हती, त्यामुळे आम्ही चालत मरिनाला गेलो. काका आणि संगणकवाला पुढे, डब्याबद्दल बोलत. मी आणि इंजिनिअर मागे, आणि इथे माझी दुर्दशा सुरू झाली. तो मला रस्त्याच्या आतल्या बाजूने चालवायला लागला. ‘तुम्ही’ म्हणायला लागला. वाळूत पोचल्यावर त्याने सुंडलचा, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्यांचा, पुडा दोन्ही हातांनी पुढे केला, जसा काही प्रसाद. “घ्या ना मॅडम,” म्हणाला. मॅडम! मी हरभरे चावत त्याला डिवचायचं ठरवलं. प्रवासाच्या गप्पा निघाल्यावर मी म्हणालो की या शहरात खासगी मोटारींवर सरळ बंदी घातली पाहिजे आणि मोटारीचे कारखाने बंद करून तिथे बसगाड्या बनवल्या पाहिजेत. या विषयावर तो कट्ट्यावर एकदा जेवण सोडून भांडला होता.

त्याने समुद्राकडे बघितलं. “बरोबर आहे तुमचं,” म्हणाला.

दोन वर्षांत या माणसाने मला कधी बरोबर म्हटलं नव्हतं. सहा महिने उन्हात पळवलं तेव्हा रडलो नव्हतो, पण त्या सुंडलच्या पुड्यावर माझे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं. ताई झाले मी. पाहा, मनातल्या मनात शाळेतल्या फळ्यावरचं ‘झाले’ सुद्धा आलं.

“बरोबर नाहीये,” मी ओरडलो. “मूर्खासारखं बोललो मी. कारखाने बंद केले तर तू काय खाशील? खोडून काढ ना मला.”

“तुमच्याशी कसं भांडणार?”

“का? हात तुटले?”

“खोटं बोललात तुम्ही.”

हे त्याने एवढ्या हळू म्हटलं की लाटेत निम्मं वाहून गेलं. मी लगेच बाह्या सरसावल्या. म्हणालो, एक शब्द खोटा दाखव. आमच्याकडे बायका आलोच म्हणतात. तो म्हणाला, व्याकरणात ते चूक आहे. मी म्हणालो, व्याकरण तुझ्या पेठेत शिजतं आणि आम्ही नुसतं वाढून घ्यायचं का? तो म्हणाला, पेठेचा काही संबंध नाही, क्रियापदाला लिंग असतं ते ऐकणाऱ्याला कळावं म्हणूनच. पुढे चाललेले दोघं थांबले. काकांनी वाळूत रुमाल अंथरला आणि डबा उघडायला घेतला.

“बरं, भाषेचं सोड,” तो म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. “पत्रिका मागितली तेव्हा? तेव्हा कुठली बोली आडवी आली? जुळत नाही म्हणून लिहिलंस. जगाला खरं सांगा म्हणून कागद वाटत फिरतेस आणि मित्राला एक ओळ लिहिता आली नाही तुला? मी काकूला जाऊन सांगितलं की मुलगा फार चांगला आहे. दोन महिने मी तुझ्यासाठी भांडलो घरात. खोटारडी आहेस तू, नंबर एकची.”

‘तू’ म्हणाला. ‘खोटारडी’ म्हणाला. आणि बरोबर म्हणाला. आयुष्यात मी कुठल्या वादात असा चारी मुंड्या चीत झालो नव्हतो आणि एवढा आनंदही मला कुठल्या जिंकण्याने झाला नव्हता. मी त्याला सांगितलं की तू जिंकलास, मी चुकलो, मी तेव्हाच लिहायला हवं होतं. का लिहिलं नाही तेही सांगितलं. त्या दुसऱ्या बाई, त्यांचे रस्ते, त्यांच्या वड्या. ताई म्हणून कौतुक करणारा तो पहिला माणूस कोण होता ते त्याला आठवलं. तोच होता. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

“त्यांचा मुद्दा मी वाचलाच नव्हता,” म्हणाला.

“मग ही चूक तुझी झाली.”

“तुझ्या चुका संपलेल्या नाहीत अजून.”

काकांनी दोघांच्या हातावर उडदाच्या पिठाची, दह्यातली पचडी वाढली आणि खाताना बोलायची मनाई केली. मी अख्ख्या किनाऱ्यावर एकटीच वेडी असल्यासारखी हसत जेवलो. संगणकवाल्याने विचारलं की सैन्यात नेमकं शिकवतात काय, तर मी त्याला वाळूत झोपवून रांगायला शिकवलं. त्याची कोपरं सोलली आणि तो खूष झाला. काकांनी उभ्याने सूचना दिल्या.

सहा वाजता मला निघायचं होतं, लॉजवर आईबाबा वाट बघत होते. काका आणि संगणकवाला किनाऱ्यावरच थांबले. काकांनी पुढच्या रजेत थेट घरी यायला सांगितलं, बायको आंबट भाजी करील. इंजिनिअर मला बसथांब्यापर्यंत सोडायला आला आणि वाटेत त्याने जाहीर केलं की माझ्या वागण्याबद्दल त्याचे एकूण चार मुद्दे आहेत आणि आत्तापर्यंत एकच झालाय. दुसऱ्याच्या मध्यावर बस आली. मी चढलो. तो खाली उभा राहून बोलतच होता. बस हलली तसा पळत येऊन तोही चढला.

चेन्नईच्या बसमध्ये डावीकडे बायका बसतात आणि उजवीकडे पुरुष. मी खिडकीशी जागा धरली, तो समोरच्या बाजूला दांडा पकडून उभा राहिला आणि मधल्या वाटेवरून, गजरे माळलेल्या चार बायकांच्या डोक्यांवरून, त्याने दुसरा मुद्दा पुरा केला. तो असा होता की मी त्याच्या पाठीमागे वर्षभर हसत असणार. मी म्हणालो, हसलो नाही, उलट जळलो, कारण त्याला नुसतं माणूस म्हणून बोलता येत होतं. बायका एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे माना वळवत होत्या. भाषा कळत नसली तरी कोण वरचढ आहे ते त्यांना बरोबर कळत होतं.

कंडक्टर तिकिटासाठी त्याच्यापुढे आला आणि कुठे उतरणार म्हणून विचारलं. हा माणूस दोन वर्षं चेन्नईत राहिला होता, पण रोज कंपनीच्या गाडीने जायचा-यायचा. शिवाय आपण कुठे चाललोय याचा त्याने विचारच केला नव्हता.

“एग्मोर म्हण,” मी इकडून सांगितलं.

“तू मध्ये बोलू नकोस,” तो म्हणाला. “तर, तिसरा मुद्दा.”